मदत हवी आहे: १९०७ पॅटर्नच्या संगिनीवरचा अर्धवट शिक्का

ली-एनफिल्ड रायफलची, १७ इंची पात्याची ब्रिटिश संगीन आहे. मुठीलगतच्या सपाट भागावर मुकुट, ‘जी आर’ (राजा जॉर्जची अक्षरं), १९०७ आणि खाली ५ ’१२, म्हणजे मे १९१२, स्वच्छ दिसतंय. (१९०७ हा पॅटर्न, म्हणजे नमुना; बनवल्याचं साल म्हणून सांगणारे विक्रेते बरेच भेटतात.)

अडचण बनवणाऱ्याच्या नावाची. घासून शेवटची फक्त ‘एस ओ एन’ अक्षरं उरली आहेत. आता विल्किन्सनही तशीच संपते आणि सँडरसनही! पात्याच्या दुसऱ्या बाजूला सरकारी मालकीचा बाण, वाकवून घेतलेल्या चाचणीचा ‘एक्स’ आणि तपासनिसांचे बारीक मुकुट आहेत. त्या मुकुटांखालच्या अक्षरांवरून कारखाना ठरवता येतो का?

दुसरं म्हणजे, मूठ आणि पात्यामधल्या आडव्या पट्टीचा, १९१३ मध्ये रद्द झालेला हूक हिच्यावर नाही, पण मुठीच्या टोकाला १९१६ पासूनचं, कचरा निघून जाण्यासाठीचं भोक आहे. म्हणजे लष्करातच दुरुस्ती झाली असावी, असा माझा अंदाज. हूक सरकारी कारखान्यात कापलाय की नंतर कुणी घरी घासलाय, हे कशावरून ओळखायचं? आडव्या पट्टीची कड गोलसर, गुळगुळीत आहे. पॉलिश मारलेलं नाही, मारणारही नाही.