नाशकात पापलेटची पिल्लं विकायला येतायत, घ्यायची की नाही?

सिडकोकर:
मंडळी, मनापासून विचारतोय. आम्ही दर रविवारी मासे आणतो, कितीतरी वर्षं एकाच मावशींकडून. गेले दोन-तीन रविवार त्यांच्या पाटीत पापलेट एवढे बारीक, की तळहातावर दोन बसतील, आणि भाव मोठ्याच्या निम्म्याहून कमी. मी म्हटलं मावशी ही तर पिल्लं आहेत, तर म्हणाल्या दादा गाडीतून जे उतरतं तेच मी विकते. बायको म्हणते घेऊ नकोस. माझं म्हणणं, मासा तर मेलेलाच आहे, आपण नाही घेतला तर दुसरा कोणी घेईल, आणि समुद्र कुठे आपण कुठे, अर्धा किलोने तिकडे काय फरक पडणार. तरी घेतले, पण तव्यावर ते एवढेसे बघून घास उतरला नाही, खरं सांगतो. कोणाला माहिती असेल तर सांगा.

सातपाटीची_लेक:
दादा, माझं माहेर पालघर जिल्ह्यातलं सातपाटी, लग्न होऊन इंदिरानगरला आले. वहिनींचं बरोबर आहे. मासा मेलेला आहे पण तो विकला गेला ना, की व्यापारी पुढच्या खेपेला तसलाच माल उचलतो, आणि व्यापारी उचलतो म्हटल्यावर बोटीवरचा माणूस तो परत पाण्यात कशाला टाकेल. आमच्याकडे दालदी जाळ्यात आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठा असतो, लहान मासा आरपार निघून जातो. डोल जाळं वेगळं, ते भरती-ओहोटीच्या ओढीत उभं करतात, वाहत येईल ते सगळं शेवटच्या खोळीत जमा. लावलेलं असतं बोंबलासाठी पण खोळीचा आस बारीक असला की पापलेटची पिल्लंही त्यातच येतात. आता हिशोब बघा, किलोत अशी पंधरा-वीस पिल्लं बसतात, तीच वाढून अर्ध्या अर्ध्या किलोची झाली असती तर साडेसात ते दहा किलो मासळी झाली असती आणि मोठ्या पापलेटचा भाव मिळाला असता तो वेगळाच. म्हणजे यात कोळ्याचंच नुकसान आहे, हे आमच्या वडिलांची पिढी ओरडून सांगत आली.

आणि हे नुसतं माझं मत नाही. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला, त्याच वर्षी राज्याने ५४ जातींचा किमान आकार ठरवून दिला, पापलेटला १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. त्याहून लहान पकडायचाच नाही.

खानावळवाला_पंचवटी:
ताई पटलं, पण त्या मावशींना कोणी बोलू नका, पहाटे उठून माल उचलायचा आणि विकला नाही तर बर्फाचे पैसेही अंगावर, तिची काय चूक. मी छोट्या पापलेटची थाळी लावायचो, अख्खा मासा ताटात दिसतो म्हणून गिऱ्हाईक खूश. मागच्या वर्षी बंद केली. आता बांगडा लावतो, नाहीतर गंगापूर धरणाकडचा रोहू-कटला मिळाला तर तो. सुरुवातीला कुरकुर झाली, मग लोकांनी खाल्लं. एक शंका, सुकट पण बारीकच असते की, ती पण बंद करायची का? पावसाळ्यात आमचं अर्धं कालवण तिच्यावर असतं.

सातपाटीची_लेक:
सुकट खा हो बिनधास्त. जवळा मुळातच तेवढा असतो, वाढून कोलंबी होत नाही, ती त्याची जातच वेगळी. आणि १ जून ते ३१ जुलै बंदीत बोटी किनाऱ्याला असतात, तेव्हा आधी सुकवून ठेवलेला जवळा नि बोंबील विकूनच आमच्या बायका घर चालवतात. उन्हाळ्यात वलांडीवर, म्हणजे वाळवायच्या मांडवावर, बोंबील लावताना पाठ मोडते, तर ते जरूर घ्या. राग यायचाच तर परराज्यातल्या मोठ्या ट्रॉलर्सचा आणि एलईडीवाल्यांचा येतो. रात्री पाण्यावर झगझगीत दिवे लावतात, मासळी उजेडाकडे गोळा होते, मग लहान-मोठं सगळं एका घेरात उचललं जातं. २०१७ पासून बंदी आहे, तरी आमची पोरं समुद्रावरून आली की तेच सांगतात. आमच्या छोट्या बोटीने डिझेल जाळून जायचं आणि रिकामं यायचं.

गोदाकाठ:
समुद्र कुठे आपण कुठे यावर बोलतो. आपण सगळे गोदावरीचंच नाव घेतो, ती पूर्वेला १,४६५ किमी जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. पण त्र्यंबकच्याच डोंगरांतून वैतरणा पश्चिमेला उतरते आणि अर्नाळा-दातिवऱ्याजवळ अरबी समुद्राला मिळते, म्हणजे ताईंच्या माहेरच्याच जिल्ह्यात. म्हणून ब्रह्मगिरीच्या फेरीला जाऊन पिशव्या-बाटल्या टाकणारा माणूस दोन्ही समुद्रांत कचरा पाठवू शकतो. आणि खाडीच्या मुखाशी कांदळवनं असतात ना, तिथेच मुळांच्या आडोशाला कोलंबीची, माशांची पिल्लं वाढतात. तिथे प्लास्टिक अडकलं, भराव पडला की गेलं सगळं. २०२७ ला आपल्याकडे कुंभ आहे, केवढी माणसं येतील, मला तर आत्तापासून त्याचीच काळजी लागलीय.

सिडकोकर:
सगळ्यांचे आभार, विशेषतः ताईंचे. काल मावशींकडे गेलो, बोलू की नको करत शेवटी बोललो, आकाराचं सांगितलं. त्या आधी गप्पच झाल्या, मग म्हणाल्या चार गिऱ्हाइकांनी असं विचारलं तर मलाही गाडीवाल्याला सांगता येईल, एकटीचं तो ऐकत नाही. काल बांगडे घेतले. निघताना त्यांनी विचारलं साडेतेरा म्हणजे नेमकं केवढं, तर लेकीच्या कंपासमधली पट्टी नेऊन दिली, साडेतेरावर लाल पेनाने रेघ मारून. ती त्यांनी पाटीच्या कडेला खोचून ठेवलीय.