लेथवरून काढून पॅकिंगला टाकलंय, आता राजीनामा मागतायत

लेथवाली_सोलापूर:
नमस्कार. मी आयटीआय टर्नर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका वर्कशॉपला पाच वर्षं लेथ मशीनवर आहे, पॉवरलूमचे शाफ्ट करतो आम्ही, सगळे मिळून 26 जण. मार्चमध्ये कळलं की माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेल्या पोराला माझ्यापेक्षा 3,000 जास्त आहेत, आणि त्याला चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, जॉब धरून डायल लावायला मीच शिकवलंय. मालकांना लेखी अर्ज दिला, भांडण नाही काही नाही. आठ दिवसात पॅकिंगला. माझा मायक्रोमीटर पण कपाटात घालून कुलूप लावलं. फोरमन सगळ्यांसमोर म्हणतो बाईमाणसाला मशीन कशाला. बायकांच्या बाथरूममध्ये खोके भरून ठेवलेत म्हणून मी दिवसभर पाणीच पीत नाही, आणि सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीय. परवा मेमो आला, "कामास नकार". राजीनामा लिहून दे हिशोब करतो म्हणतात. वडील पण म्हणतात देऊन टाक. काय करू?

जुना_कामगार:
ताई राजीनामा अजिबात लिहू नका, एकदा सही झाली की स्वखुशीने गेली म्हणायला ते मोकळे. मेमो घ्या, त्यावर "मिळाला, आरोप मान्य नाहीत" असं लिहून सही करा आणि उत्तर स्पीड पोस्टाने पाठवा. उत्तरात अर्ज दिल्याची तारीख आणि लेथवरून काढल्याची तारीख दोन्ही घाला. सारख्या कामाला बाई म्हणून कमी पगार देणं 1976 च्या समान वेतन कायद्यापासून बेकायदा आहे, आता तेच 2019 च्या वेतन संहितेत आलंय. सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज करा.

होटगीरोडकर:
खरं सांगू का, केस केली की बाकीचे मालक दारात उभं करत नाहीत. दुसरीकडे काम बघा, गुपचूप निघा.

वायरवुमन:
भाऊ, गुपचूप निघाल्यावर पुढचा मालक पण कमीच देतो की, मी दोनदा निघून बघितलंय. तिसऱ्या ठिकाणी मी वही ठेवली, रोज कुठल्या पॅनेलला काम केलं, कोण काय बोललं, वेळ, शेजारी कोण होतं. ताई तुमची जॉब कार्डं असतील ना, तुमच्या सहीची? त्यांचे फोटो आहेत का? पाच वर्षं लेथवर कोण होतं हे त्याच्यावरच लिहिलेलं असतंय.

कोर्टगल्ली:
तारखा सांभाळा. डूख धरून त्रास दिला तर महाराष्ट्रात 1971 चा पल्प कायदा आहे, मालकाच्या अनुचित वागण्याविरुद्धचा, त्यात तक्रारीला 90 दिवस. फोरमनचं बोलणं घाणेरडं, लैंगिक असेल तर ते वेगळं, 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती लागतेच, तिथे तीन महिने. नुसतं "बाईला मशीन कशाला" एवढंच असेल तर ते पगाराच्या अर्जातच लिहा. बाथरूमचं कारखाना निरीक्षकाकडे, 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 19 त्यासाठीच होतं. आता नवीन संहिता आल्यात म्हणून कुठला अर्ज कुठे हे कामगार कोर्टातल्या वकिलाला एकदा विचारून घ्या.

लेथवाली_सोलापूर:
जॉब कार्डं आहेत! मोबाईलमध्ये दोन वर्षांची सापडली, मापं तपासायला काढलेली. वडिलांना दाखवली, ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले सही करू नको. उद्या मेमोवर तारीख मी टाकायची का त्यांनी?

जुना_कामगार:
तुम्हीच टाका, स्वतःच्या हाताने. आणि तिथेच फोटो काढा.