एकच नाव, दोन कमांड: तुम्हाला कुठे नडलं?

खान्देशातली बरीच पोरं शाळा-कॉलेजात विंडोजवर शिकतात आणि नोकरीला लागली की लिनक्सवर जाऊन पडतात. कमांडचं नाव ओळखीचं, काम मात्र भलतंच, आणि सांगणारं जवळ कुणी नाही. म्हणून हा धागा. अनुभव लिहा, एरर काय आला तेही लिहा, पुढचा माणूस तेच शोधत येतो.

जळगाव: लॅबमध्ये सी शिकवतो. दरवर्षी कुणीतरी पहिल्या प्रोग्रॅमला 'टेस्ट' नाव देतं. कंपाइल नीट होतं, पण 'टेस्ट' टाइप करून एंटर मारलं की पडदा कोरा. एररही नाही. "काय भो, काहीच नाही येऊन राहिलं!" म्हणत पोरगं प्रिंटएफची ओळ पुन्हा पुन्हा तपासतं. प्रोग्रॅम चाललेलाच नसतो. टेस्ट ही शेलची, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, स्वतःची कमांड. अट खरी की खोटी एवढं पाहते, बोलत काही नाही. शिवाय लिनक्स चालू फोल्डरमध्ये आपणहून शोधत नाही, नावाआधी डॉट-स्लॅश लावावं लागतं. प्रोग्रॅमला नाव देण्याआधी 'टाइप -ए' आणि पुढे ते नाव देऊन, त्या नावाची कमांड आधीच आहे का ते पाहायला मी पहिल्याच तासाला शिकवतो.

धुळे: 'फाइंड'. लिनक्सवर फाइल शोधते, विंडोजवर फाइलीतला मजकूर.

रावेर: केळीच्या बागेचे फोटो लहान करायला इमेजमॅजिक हा प्रोग्रॅम टाकला. त्याची 'कन्व्हर्ट' कमांड दिली तर 'इनव्हॅलिड पॅरामीटर'. विंडोजची त्याच नावाची कमांड डिस्कवर फाइली साठवायची पद्धत फॅटवरून एनटीएफएसवर नेते, आणि आधी तीच सापडत होती. इमेजमॅजिक ७ मध्ये 'मॅजिक' वापरा, भांडण मिटतं.

शिरपूर: जिनिंगच्या ऑफिसात ऐन हंगामात काटापावती निघेना. बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग. प्रिंटरचा स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवायला पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या एका शेलमध्ये, 'एससी स्टॉप स्पूलर' दिलं; एससी ही विंडोजची सेवा चालू-बंद करणारी कमांड. एरर नाही, स्पूलर मात्र चालूच. फोल्डर उघडलं तर 'स्टॉप' नावाची नवी फाइल, आत एकच शब्द: स्पूलर! विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये 'एससी' म्हणजे फाइलीत मजकूर लिहिणारी सेट-कंटेंट. त्या नावाची फाइल आधीच असती तर तिच्यातलं सगळं पुसलं गेलं असतं. 'एससी डॉट ईएक्सई' असं पूर्ण लिहिल्यावर काम झालं. पॉवरशेल ६ मध्ये हे टोपणनाव काढलं, पण आमच्याकडे ५.१ च आहे.

नंदुरबार: शिरपूरकर, वेबवरून माहिती आणणाऱ्या 'कर्ल'चंही तसंच आहे. ५.१ मध्ये ती पॉवरशेलची स्वतःची इन्व्होक-वेबरिक्वेस्ट असते, त्यामुळे लिनक्सवरचे पर्याय चालत नाहीत. 'गेट-कमांड कर्ल -ऑल' द्या, त्या नावामागे कोण कोण आहे ते दिसेल.