जुनी सुपर्ब कोकणात घ्यावी का? माझं मत: हो, पण डिझेलच

दर्यावर्दी: सात लाखात नवी हॅचबॅक घेण्यापेक्षा दहा-अकरा वर्षं जुनी स्कोडा सुपर्ब घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, फक्त १.८ टीएसआय (पेट्रोल) ऑटोमॅटिक नको, त्यात ७ स्पीडचा कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, गर्दीत रांगत चालवली की तापतो आणि गिअर बदलणारं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं की बसा बोंबलत. २.० टीडीआयच्या (डिझेल) ६ स्पीड डीएसजीचे क्लच तेलात चालतात, घाटात बरा. दर ६० हजार किमीला गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचं बिल मागा. बिल नाही म्हणजे तेल बदललेलं नाही, असंच धरायचं.

वेंगुर्ल्याचो बाबल्या: अरे मेल्या, गाडी बरी आसा, पण दुरुस्तीक कोल्लापुराक न्हेवची लागतली. पार्टची वाट बघीत बसतलंस आणि गाडी माडाखाली.

दर्यावर्दी: कोल्हापूर काय चंद्रावर आहे? वर्षातून एकदा अंबाबाईचं दर्शन पण होईल.

वाशिष्ठीकाठचा: तुम्ही गिअरबॉक्स धरून बसलात. आमच्या चिपळुणात २२ जुलै २०२१ ला पूर आला तेव्हा किती गाड्या पाण्यात गेल्या ते बघितलंय, त्यातल्या काही पुसूनपासून कुठेतरी विकल्या गेल्याच असणार. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाशी चिखलाची रेघ दिसते का बघा, सीटखालच्या रुळांवर गंज, स्टेपनीचा खड्डा, कार्पेट उचलून वास घ्या. डीलर कार्पेट उचलू देत नसेल तर चहा पिऊन घरी या. आणि इन्शुरन्सची क्लेम हिस्टरी काढायला लावा.

बाबल्या: आणि खारो वारो? 😄

वाशिष्ठीकाठचा: तेच. किनाऱ्यावर राहिलेली गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय पैसे देऊ नका, ब्रेकचे पाइप, सबफ्रेम, एसीचा कंडेन्सर. सनरूफ असेल तर त्याच्या नळ्या पानं-मातीने तुंबतात आणि पावसाचं पाणी पायाखाली उतरतं, मग इलेक्ट्रिकचे असले चाळे सुरू होतात की वायरमनही हात जोडतो.

रत्नांग्री_८: मी म्हणतो टोयोटाची कॅमरी हायब्रिड बघा ना, डीएसजीची कटकटच नाही. जुन्या मॉडेलमध्ये बॅटरी मागच्या सीटमागे असते, तिच्या पंख्याची जाळी धुळीने भरली की ती तापते, तेवढं बघायचं. बॅटरीचा रिपोर्ट काढल्याशिवाय मात्र नको.

दर्यावर्दी: कॅमरी चालवताना झोप येते हो.

रत्नांग्री_८: झोप परवडली, तुमच्या टीएसआयचं इंजिन ऑइल पिणं नको.

दर्यावर्दी: मी टीएसआय घ्या म्हटलंच नाही, वाचा नीट! ज्यांना घ्यायचीच त्यांनी सकाळी गार इंजिन स्वतः स्टार्ट करून ऐका, दोन-तीन सेकंद खडखड आली तर टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर गेलाय समजा. आणि दिल्लीची स्वस्त डिझेल कोणी सुचवू नका, तिकडे १० वर्षं झालेल्या डिझेलवर बंदी आली होती म्हणून ती स्वस्त, इथे एनओसी आणून एमएच ०८ चा (रत्नागिरीचा) रोड टॅक्स भरा मग हिशोब करा.

वाशिष्ठीकाठचा: चाकरमान्याची वर्षभर गावी झाकून ठेवलेली पण नको. किमी कमी दिसतात, आणि आत उंदरांनी वायरी खाल्लेल्या.

बाबल्या: माका तर नवी हॅचबॅकच बरी. पाणंदीत सुपर्ब वळवतलो कोण?