घरचा एसी : दरवर्षीचा खर्च नेमका कशावर होतो? (अनुभव)

एसी विकत घेताना आपण दुकानात तासभर घासाघीस करतो आणि पुढे दर उन्हाळ्यात घरी आलेला मेकॅनिक जी रक्कम सांगेल ती मात्र निमूटपणे देऊन टाकतो. माझे तरी असेच होत आले, म्हणून इतरांचे अनुभव मागवत आहे. आरंभ माझ्यापासून करतो.

कोथरूडच्या घरी आम्ही 2019 मध्ये दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी बसवला. पहिली तीन वर्षे एप्रिलमध्ये एकदा सर्व्हिसिंग आणि त्याचे साडेपाचशे ते सातशे रुपये, एवढाच खर्च होता. चौथ्या उन्हाळ्यात थंडावा कमी झाला, तेव्हा आलेल्या मुलाने पाच मिनिटांत ‘गॅस संपला आहे’ असे निदान करून 2,800 रुपये घेतले. पुढच्या वर्षी दुसऱ्याने तेच वाक्य उच्चारून 3,000 घेतले. तिसऱ्या वर्षी आलेल्या वयस्कर मेकॅनिकने गॅसची टाकी बाहेर काढण्याआधी आउटडोअरच्या, म्हणजे घराबाहेर बसवलेल्या भागाच्या, नटांना साबणाचा फेस लावला आणि एका नटापाशी बुडबुडे उठलेले मला दाखवले. बसवतानाच तांब्याच्या नळीचे तोंड नीट फुलवलेले नव्हते. त्याने ते कापून नवे केले, नायट्रोजन भरून तपासले, व्हॅक्यूम घेतला, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा काढली, आणि मग गॅस भरला. एकूण 3,600 रुपये लागले आणि त्यानंतर आजपर्यंत गॅस भरावा लागलेला नाही. फ्रिजप्रमाणे एसीतही गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही, हे ठाऊक असूनही दोन वर्षे मला गळतीविषयी विचारायचे सुचले नाही, याची अजूनही चुटपुट लागते.

आपला एसी किती टनाचा, कोणत्या गावी, कशावर किती खर्च झाला आणि कोणता पैसा वाया गेला, हे लिहावे. कंपन्यांची नावे मात्र टाळावीत.

ठाणे, नाल्याकाठची इमारत

आपली गळती नटापाशी होती, म्हणून आपण स्वस्तात सुटलात. आमच्या इमारतीमागून उघडा नाला वाहतो आणि देवघरातली चांदीची निरांजने घासल्यावर आठवड्याभरात पुन्हा काळी पडतात. नाल्यातून येणारा जो गंधकयुक्त वायू चांदी काळी करतो, तोच इनडोअरच्या तांब्याच्या कॉइललाही खातो आणि डोळ्यांना न दिसणारी भोके पाडतो, हे आम्हाला दुसरी कॉइल बदलताना कळले. पाच वर्षांत दोन कॉइल झाल्या, पहिलीला साडेआठ हजार आणि दुसरीला जवळपास दहा हजार रुपये लागले, गॅसचे वेगळे. ‘दहा वर्षांची वॉरंटी’ असे खोक्यावर ठळक छापलेले होते, परंतु ती केवळ कॉम्प्रेसरची होती आणि कॉम्प्रेसर अजून ठणठणीत आहे. आता जिन्यातल्या सहाही घरांनी नाल्याकडची खिडकी एसी चालू असताना बंद ठेवायची असे ठरवले आहे. त्याचा उपयोग किती होतो हे पाहायचे आहे.

नागपूर

आमच्याकडे कूलर आणि एसी दोन्ही आहेत. एप्रिलमध्ये हवा कोरडी असते, तेव्हा कूलरवर भागते. मे महिन्यात दुपारी एसी लागतो. दोन्ही एकाच खोलीत एकत्र चालवू नयेत, कारण कूलरने हवेत सोडलेला ओलावा काढण्यातच एसीची शक्ती जाते. आमचा आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीवर होता आणि पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की एसी आपोआप बंद पडायचा. दोन मेकॅनिकांनी गॅसचा संशय घेतला, तिसऱ्याने पाण्याचा पाइप मागवून आउटडोअरच्या जाळीत साचलेली धूळ धुतली आणि मोटर चालू व्हायला लागणारा 450 रुपयांचा कपॅसिटर बदलला. पुढे 1,500 रुपये देऊन आउटडोअर उत्तरेच्या भिंतीवर हलवला. आमच्याकडे एसीवर झालेला हाच सर्वांत शहाणपणाचा खर्च असावा.

रत्नागिरी, मिऱ्या

खाऱ्या वाऱ्यापुढे काही टिकत नाही. चार वर्षांत आउटडोअरचे लोखंडी स्टँड गंजून गेले आणि ॲल्युमिनियमच्या पात्या बोट लावताच भुग्यासारख्या गळू लागल्या. आता महिन्यातून एकदा वीज बंद करून साध्या पाण्याने आउटडोअर बाहेरून धुतो, त्याचा खर्च शून्य.

सोलापूर, निवृत्त शिक्षक

वार्षिक देखभाल कराराविषयी लिहितो, कारण त्याचा कागद मी वाचला तो पैसे दिल्यानंतर. दोन एसींसाठी मी साधा करार केला होता. त्यात वर्षातून तीन वेळा धुलाई आणि बिघाड झाल्यास तपासणी एवढेच येते. सुटे भाग आणि गॅस यांचे पैसे वेगळे द्यावे लागतात. सर्वसमावेशक करारात हे धरलेले असते, पण तो जवळपास अडीचपट महाग होता आणि त्यातही प्लॅस्टिकचे भाग, रिमोट व कीटकांमुळे किंवा प्राण्यांमुळे झालेले नुकसान वगळलेले होते. आमच्या आउटडोअरमध्ये पाल शिरली आणि पीसीबीवर, म्हणजे एसी चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर, चिकटून मेली. नव्या पीसीबीचे 7,500 रुपये सांगितले गेले आणि पाल ही प्राण्यांतच मोडत असल्यामुळे महागड्या करारानेही मला वाचवले नसते. अखेर पेठेतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करणाऱ्याने तीच पाटी 1,800 रुपयांत चालू करून दिली. आता आउटडोअरच्या वायरींच्या भोकाला बारीक जाळी बसवली आहे.

दुबई

येथे एसी बारा महिने चालतो, म्हणून फिल्टर दर पंधरा दिवसांनी मी स्वतःच नळाखाली धुते. वाळूचा वारा सुटला की आठवड्यालाही. आमच्या भाडेकरारात पाचशे दिर्हमच्या आतली दुरुस्ती भाडेकरूची आणि त्यावरची घरमालकाची आहे. त्यामुळे बिल 480 दिर्हम येते तेव्हा मालक खुश असतात. आमचा सर्वांत मोठा घोटाळा गॅसचा नव्हता, तर ड्रेनचा होता: पाणी वाहून नेणारा पाइप शेवाळाने बुजला आणि खोट्या छतातून पाणी गळून भिंत खराब झाली. दोनशे दिर्हमच्या सफाईची टाळाटाळ केली आणि रंगकामाचे अकराशे भरले.

नाशिक, सतरा वर्षे एसी दुरुस्तीच्या कामात

वरील सगळे वाचले आणि ‘गॅस संपला’ म्हणणाऱ्यांत मीही कधीतरी होतो, हे आधी कबूल करतो. नव्या एसींमध्ये बहुधा आर-32 गॅस असतो आणि दीड टनाच्या यंत्रात तो सहसा एक किलोपेक्षाही कमी असतो. नेमके वजन आउटडोअरच्या पाटीवर ग्रॅममध्ये लिहिलेले असते. मेकॅनिकने वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप आणला आहे का, हे अवश्य पाहावे. इन्व्हर्टर एसीमध्ये कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, म्हणून नुसत्या मीटरवरचा दाब पाहून गॅस कमी आहे असे सांगणे पुरेसे नसते. तसेच कॉइलवर बर्फ धरला म्हणजे गॅसच गेला असेही नाही, फिल्टर बुजून हवा अडली तरी बर्फ धरतो. आर-32 थोडासा ज्वलनशील आहे, त्यामुळे नळीत गॅस असताना वेल्डिंगचा दिवा लावणाऱ्याला तिथेच थांबवावे.

पैशांविषयी सांगायचे तर साधी धुलाई सहाशेत परवडते, फेसाची किंवा जेट पंपाची धुलाई आठशे ते हजारांपर्यंत जाते. गळती शोधणे हे वेगळे काम आहे, त्याला तास-दीड तास जातो, आणि ग्राहक त्या वेळेचे पैसे द्यायला नाखूश असतात. गॅसचे मात्र लगेच देतात. कोथरूडच्या गृहस्थांच्या घरी आधी गेलेल्या दोघांनी फेस का लावला नसेल, याचे अर्धे उत्तर यात आहे. उरलेले अर्धे असे की मे महिन्यात मी दिवसाला दहा-बारा घरे करतो आणि बाराव्या घरी पोचेपर्यंत पिशवीतली साबणाची बाटली काढायचा कंटाळा आलेला असतो. आम्हाला फेब्रुवारीत बोलवा.