सगळं देवाच्या हाती, तर माझ्या भावाचा दोष किती?

गाळ्यावरचा_कारकून, कोपरखैरणे

सर्वांना सलाम. प्रश्न घरातला आहे, पण शास्त्रापाशी येऊन अडतोय म्हणून इथे विचारतो.

मी कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर हिशेब लिहितो. आम्ही मूळचे नगरकडचे, आजोबा अमेरिकन मिशनच्या मंडळीतले. धाकटा भाऊ रबाळेला टेम्पो चालवतो आणि पितो. गेल्या शनिवारी रात्री साडेअकराला दारात उभं राहून त्याने मला बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा ९ वा अध्याय ऐकवला. "कुंभाराला मडक्याने विचारायचं नसतं. देवाने मला असाच घडवला. त्याच्या मनात येईल तेव्हा सुटेल." जीभ अडखळत होती, पण अध्याय बरोबर होता. संडे स्कूलमध्ये पाठांतराचं बक्षीस कायम त्यालाच मिळायचं.

मला राग आला, उत्तर आलं नाही. कारण आईही तेच म्हणते, "प्रभूची वेळ आली की सुटेल." तिच्या तोंडी तो विश्वास वाटतो, त्याच्या तोंडी पळवाट. शब्द मात्र तेच! बायबलच्या निर्गम पुस्तकात तर सरळ लिहिलंय की फारोचं, म्हणजे मिसरच्या राजाचं, मन देवाने कठीण केलं. मग शिक्षा फारोला का? उपासनेनंतर पाळकसाहेबांना विचारलं. "हे गूढ आहे" म्हणाले आणि प्रभुभोजनाचे पेले आवरायला गेले.

अजून एक. २ ऑक्टोबरला ड्राय डे, म्हणून हा १ तारखेलाच बाटली आणून ठेवतो. एवढं पुढचं मडक्याला कसं सुचतं?

निवृत्त_बाई, ठाणे पूर्व

भाऊ, सलाम. निर्गम पुन्हा वाचा, हातात पेन्सिल घेऊन. मी फारोचं मन कठीण करीन असं देव मोशेला, इस्राएलांना सोडवायला त्याने धाडलेल्या माणसाला, आधीच सांगतो, हे खरं (४:२१). पण फारोने त्यांना सोडावं म्हणून देवाने पाठवलेल्या पीडा सुरू झाल्यावर कोण काय करतं ते बघा. बेडूक गेले, फारोने स्वतःच मन कठीण केलं. गोमाश्या गेल्या, पुन्हा त्यानेच. पीडांच्या ओघात "परमेश्वराने कठीण केलं" हे पहिल्यांदा सहाव्या पीडेला येतं, गळवांच्या. आणि गारा थांबल्यावर परत फारो स्वतःच. एवढ्याने प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही, पौलही ९ व्या अध्यायात इतकी सोपी वाट धरत नाही. पण फारो दोरीवरची बाहुली नव्हता, एवढं नक्की.

सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिनसुद्धा तुमच्या भावाला पाठीशी घालणार नाही. त्याच्या मते पतित माणूस पापाकडेच वळतो, पण कोणी मानगूट धरून वळवत नाही. आपखुशीने वळतो, म्हणून जबाबदारही तोच. माझं सासर मेथडिस्ट. तिथे पूर्वनिवडीचा, म्हणजे कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय या कॅल्व्हिनच्या शिकवणीचा, विषय काढला की चहा गार व्हायचा. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७३९ मध्ये तिच्याविरुद्ध प्रवचन केलं, आणि त्याचा सोबती व्हाइटफील्ड, जो कॅल्व्हिनच्या बाजूचा, दुखावला. तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारल्यावर लंडनमध्ये त्याच्या स्मरणाचं प्रवचन वेस्लीनेच केलं. दोघांपैकी एकाच्याही मंडळीत "म्हणून मी पितो" हे कोणी ऐकून घेतलं नसतं.

आणि फिलिप्पैकरांस २:१२-१३ बघा. पौल म्हणतो, तुम्ही आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात घडवणारा देव आहे. मधला शब्द "कारण" आहे. "पण" नाही. वर्गात मुलांना मी हा शब्द अधोरेखित करायला लावायचे.

घोडबंदरचा_वसईकर

आम्ही कॅथलिक. आमच्या चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये सांगितलं की पहिलं पाऊल देवाच्या कृपेचं, पण माणूस तिला नाही म्हणू शकतो. मग ती कृपा नेमकी चालते कशी, यावर डॉमिनिकन आणि जेझुइट हे आमचेच दोन धर्मसंघ पोपसमोर कित्येक वर्षं भांडले. १६०७ मध्ये पोप पाचव्या पॉलने निकाल दिलाच नाही. एकमेकांना दूषणं देऊ नका म्हणून दोघांना परत पाठवलं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या मीटिंगसारखं. पाळकसाहेबांना फार बोल लावू नका.

सातबारा_कळवा

मी ख्रिस्ती नाही, सहज वाचत होतो. आमच्या चुलत्यांनी "पांडुरंगाची इच्छा" म्हणत तीन एकर घालवली. खरेदीखतावर सही पांडुरंगाची नव्हती.

आजचा_दिवस

मला अध्याय-बिध्याय माहीत नाहीत. मी दारुडा आहे, ९ वर्षं प्यायलो नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, १२ पायऱ्यांतली पहिलीच आहे की दारूपुढे आपण हतबल आहोत हे कबूल केलं. म्हणजे तुमच्या भावाचं अर्धं बरोबर आहे. तिसरी आहे की आपली इच्छा आणि आयुष्य देवाच्या हाती सोपवायचं ठरवलं. त्यातलं "ठरवलं" मला दोन वर्षं दिसलंच नाही. सोपवतो सोपवतो म्हणायचो आणि क्वार्टर मुठीत. मीटिंगमध्ये दहा जणांसमोर हतबल म्हणताना मला घाम फुटला होता. बायकोला तेच दारातून ऐकवताना कधी फुटला नाही.

पिऊन आला असताना फारो-बिरो काढू नका. सकाळी बोला. आणि टेम्पोची चावी आजच काढून घ्या, त्याला देवाची वेळ बघायची नाही.

गाळ्यावरचा_कारकून, कोपरखैरणे

चावी घेतली, शिव्या खाल्ल्या. मंगळवारी सकाळी चहा घेताना मीटिंगचा विषय काढला. "बघू" म्हणाला. नाही म्हणाला नाही.

बाई, पेन्सिल घेऊन वाचलं, तुम्ही सांगितलं तसंच आहे. आईलाही दाखवलं. ती लसूण सोलत होती. "फारोसाठी प्रार्थना कोणी केली होती?" म्हणाली. मी म्हटलं, मोशेने केली की, बेडकांच्या वेळी.

"ती बेडूक जावेत म्हणून. फारोसाठी कोणी केली?"