‘अपघात की घातपात?’ : कुटुंबाची गाडी दरीत जाते तेव्हा कोणता शब्द?

प्रश्न : मुंबईत एका दैनिकाच्या डेस्कवर काम करते. आईवडील आणि मुलं एकाच मोटारीत, गाडी घाटात कोसळते, कुणीच वाचत नाही. मग पोलीस म्हणतात, चालवणाऱ्याने जाणूनबुजून केलं असावं. आमचा ठरलेला मथळा ‘अपघात की घातपात?’. मला तो खटकतो. बसतो का तो इथे?

प्रतिसाद : नाही बसत. घातपात म्हटलं की करणारा बाहेरचा आला, कट आला. ब्रेकची नळी कुणी कापून ठेवली तर तो घातपात. स्टिअरिंगवरच्या बापानेच गाडी कठड्याबाहेर घातली, तर ती मुलांची हत्या आणि त्याची आत्महत्या. दोन्ही शब्द लिहा. ‘सामूहिक आत्महत्या’ मात्र कधीही लिहू नका. मागच्या सीटवर झोपलेल्या सहा वर्षांच्या पोराने काहीही ठरवलेलं नसतं. आपल्या वर्तमानपत्रांत हा शब्द सर्रास येतो आणि प्रत्येक वेळी तो त्या पोरावर अन्याय करतो.

खरी मेख क्रियापदात आहे. गाडी दरीत ‘कोसळली’ आणि गाडी दरीत ‘घातली’. बुडाली, बुडवली. पेटली, पेटवली. मराठी क्रियापद निवडलं की निम्मा निकाल तिथेच लागतो. ‘त्याच्या हातून माणूस गेला’ आणि ‘त्याने माणूस मारला’ यांत मृत्यू एकच, पण ‘हातून’ म्हटलं की आपण त्याला मनातून सोडलेलं असतं. म्हणून पहिल्या दिवशी ‘कोसळली’ एवढंच लिहावं. ‘घातली’ हे तपासाने सिद्ध करायचं असतं.

आणि ते सिद्ध करता येतं. मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो काउंटीत हार्ट कुटुंबाची गाडी समुद्रकड्यावरून खाली गेली. दोन आया, सहा दत्तक मुलं. सुरुवातीला तिथले शेरीफ, म्हणजे काउंटीचे पोलीसप्रमुखही म्हणाले की मुद्दाम केल्याचा पुरावा नाही. नंतर एअरबॅग चालवणाऱ्या यंत्रणेतली (मॉड्यूल) नोंद निघाली : गाडी कड्याआधीच्या मोकळ्या जागेत थांबली होती, मग वेग घेऊन थेट पुढे गेली, ब्रेक लागलाच नव्हता. रस्त्यावरही ब्रेकच्या खुणा नव्हत्या. चालवणारीच्या रक्तात मद्य सापडलं. एप्रिल २०१९ मध्ये चौकशी मंडळाने एकमताने हत्या-आत्महत्या असा निष्कर्ष दिला. वर्षभर लागलं. मथळा लावायला पाच मिनिटं लागतात.

प्रतिसाद : कोर्टातल्या कागदपत्रांची भाषांतरं करतो, म्हणून थोडी भर. एफआयआरमध्ये दोन साचे असतात. एक : ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून…’ दुसरा : ‘जिवे ठार मारण्याच्या उद्देशाने…’ पहिला आज भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ कडे, म्हणजे हयगयीने झालेल्या मृत्यूकडे जातो, दुसरा खुनाकडे. या दोहोंच्या मधे एक तिसरा शब्द आहे, ‘जाणीव’. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेली सात माणसं गाडीखाली गेली. चालकाला त्यांना मारायचं नव्हतं, हे कुणीच नाकारलं नाही. पण दारू पिऊन असं चालवलं तर जीव जाऊ शकतो याची त्याला जाणीव होती, म्हणून सदोष मनुष्यवध. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं.

‘हेतू’ आणि ‘उद्देश’ यांचीही गल्लत होते. कर्ज, घटस्फोट, मुलांच्या ताब्याचं भांडण हा हेतू, म्हणजे का केलं. उद्देश म्हणजे ते घडावं असं त्याला वाटत होतं का. कर्ज होतं म्हणून गाडी मुद्दामच घातली, असं होत नाही.

प्रश्न : आणि ब्रेक खरंच फेल झाला असेल तर?

प्रतिसाद : म्हणूनच मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो. चालकाला फेफरं आलं होतं का, हृदयविकाराचा झटका आला होता का, हे शवविच्छेदनात आणि जुन्या औषधपत्रांत शोधतात. बूटही जपून ठेवतात : जोराच्या धडकेच्या क्षणी पाय ज्या पेडलवर असेल, त्याच्या रबराची नक्षी तळव्यावर उमटू शकते. ब्रेकची नक्षी मिळाली, तर माणूस शेवटी थांबवू पाहत होता. रक्ताचे नमुने मुंबईत कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात, अहवालाला वेळ लागतो. तोवर पोलीस ठाण्यात बऱ्याचदा नुसती ‘अपमृत्यूची नोंद’ असते, आणि तो शब्द मला प्रामाणिक वाटतो. मृत्यू अकाली झाला, एवढंच तो सांगतो.

मूळ प्रश्नकर्ती : मग मथळा असा लावेन : ‘मोटार दरीत कोसळून कुटुंबाचा मृत्यू, अपमृत्यूची नोंद, तपास सुरू’. प्रश्नचिन्ह काढून टाकते. ‘सामूहिक’बद्दल मात्र संपादकांशी भांडावं लागेल, ते भांडेन.